नाम्पीजाचा सुजलेला पाय

मसाक्याच्या बाजारात गोमेसी शिवून घ्यायची तर नाम्पीजाकडूनच. त्या झग्याचे टोकदार खांदे तिच्याइतके ताठ कुणालाच उभे करता येत नसत. नवरा गेला, लेकी लग्न होऊन कंपालाला गेल्या, आणि ओसरीवर दोन शिलाई मशिनं उरली. एक तिचं, दुसरं तिची मैत्रीण नाबोसाचं. एकमेकींची उणीदुणी काढत, एकाच पानावरचं शिजवलेल्या केळ्यांचं माटोके खात दोघींची अर्धी हयात तिथं सरली.

मग नाम्पीजाची डावी पोटरी सुजली. गरम, दगडासारखी घट्ट. समोरची केळीवाली नालुले वाकून बघत म्हणाली, "अगं बाई, हा तर एत्तालो! कुणीतरी वाटेत करणी पुरली नि तू ओलांडलीस. दवाखान्यात पाऊल टाकू नकोस हं. एत्तालोला सुई लागली की माणूस गेलंच म्हणून समज."

"माझा जन्मच सुयांत गेला की गं."

"थट्टा सुचतेय तुला! तुझ्या उंबऱ्यापर्यंत रोज पोचतं कोण, ते बघ आधी."

उंबऱ्यापर्यंत पोचत होती एकटी नाबोसा.

नालुलेचं बोलणं संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं. दुसऱ्या सकाळी नाबोसानं पुढं केलेला चहा नाम्पीजानं घेतला नाही. नाबोसानं क्षणभर तिच्याकडं बघितलं, कप खाली ठेवला, आणि दुपारी मशीन हातगाडीवर चढवून पलीकडच्या रांगेत निघून गेली.

त्यानंतर ओसरीवर बोलायला कुणी उरलं नाही. करणीच्या भीतीनं गिऱ्हाइकंही कापड लांबूनच टाकायची आणि मापं तोंडीच सांगायची. एके दिवशी पाय मशिनच्या पायडलवर टेकवेना, तेव्हा नाम्पीजाच्या मनात आलं, घरी मेले काय नि सुई लागून मेले काय, बघायला आहे कोण? ती दवाखान्यात गेली.

डॉक्टरीण लेकीच्या वयाची. अदबीनं म्हणाली, "न्याबो, रक्ताची गुठळी झाली की शरीर ती विरघळवायला लागतं. तिचे बारीक तुकडे रक्तात फिरतात. ते किती आहेत हे या तपासणीत कळतं. डी-डायमर म्हणतात हिला."

"म्हणजे खाली चिंध्या पडल्यात का ते बघायचं. चिंध्या असल्या की कापड कापलंय."

डॉक्टरीण हसली. "अगदी तसंच. पण कुठलं कापड, ते चिंध्या सांगत नाहीत. ताप, जखम, नुसतं वय झालं तरी तुकडे वाढतात. तुमच्यासारखा पाय सुजला आणि रक्तात ते वाढलेले नसले, तर गुठळी बहुतेक नाहीच, एवढं मात्र कळतं."

सुई टोचताना नाम्पीजानं डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा ती जिवंत होती.

तुकडे वाढलेले निघाले.

"म्हणजे गुठळीच ना?"

"म्हणजे संशय. नुसत्या संशयावर कुणाला धरायचं नसतं, न्याबो. आधी सोनोग्राफी करून शीर बघू."

नाम्पीजाला नाबोसाचा तो न घेतलेला चहा आठवला. तिनं तर चिंध्यासुद्धा बघितल्या नव्हत्या.

सोनोग्राफीत शिरेतली गुठळी दिसली. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेऊन ती थेट पलीकडच्या रांगेत गेली, लंगडत.

"नाबोसा, एत्तालो नव्हता गं. गुठळी होती, रक्ताची. पडद्यावर दाखवली मला."

नाबोसानं टीप थांबवली नाही. "बरं झालं. गोळ्या चुकवू नकोस."

"परत ये ना ओसरीवर."

आता मशीन थांबलं. "डॉक्टरनं सांगितलं म्हणून मी सुटले होय? आणि त्या पडद्यावर काहीच दिसलं नसतं तर?"

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. नाबोसानं गळ्यातली टेप काढली.

"सरक जरा बाई, उजेड अडतोय."

नाम्पीजा सरकली.