निंबाभाऊ आणि बिलाची खिडकी

धुळ्यातल्या त्या दवाखान्यात निंबाभाऊंनी एकवीस वर्षं हातानं बिलं लिहिली. खिडकी त्यांची, लाल बांधणीचं रजिस्टर त्यांचं, डॉक्टरांची "निंबाभाऊ!" ही हाकही त्यांचीच. मग पंच्याण्णव साली कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागोमाग शिरपूरची सुनंदा. खिडकी तिला मिळाली, भाऊंना कपाटाजवळचं स्टूल. कॉम्प्युटरला ऊन लागू नये म्हणून पडदा शिवला, तो तापू नये म्हणून टेबलावर पंखा ठेवला. एकवीस उन्हाळे भाऊंनी बिलाच्या कागदानंच वारा घेतलेला. तो पंखा बघूनच त्यांचा जीव जळायचा.

कॉम्प्युटर टुंग करून अडला, स्क्रीनवर काहीबाही उमटलं, की भाऊंना चहा गोड लागायचा. पण ती पोरगी दोन बटणं दाबून त्याला मार्गी लावायची. डॉक्टर म्हणायचे, "वा, सुनंदा!" की झाला चहा कडू.

एका सकाळी ताईबाई सुनेला घरी न्यायला आल्या. बाळंतीण बाळाला घेऊन बाकावर, बाहेर टेम्पो उभा. सुनंदानं नाव विचारलं.

"शेवंता अभिमन," ताईबाई म्हणाल्या.

टुंग. नोंद सापडत नाही.

तिनं पुन्हा टाकलं, पुन्हा टुंग. बंद करून चालू केलं, तरी तेच.

"मंग मनी सून कोठे गई?" बाकावरच्या सुनेकडे हात करत ताईबाई कडाडल्या. "आठे तं बशेल शे!"

सुनंदाचे कान लाल झाले. भाऊंना मात्र पहिल्याच टुंगला कळलं होतं. पहिलं बाळंतपण माहेरचं. भरती करायला शिंदखेड्याहून बाप आला, त्यानं आपल्या लेकीचं नाव सांगितलं. लग्नात सासरच्यांनी बदललेलं नाव त्याच्या तोंडी कुठून येणार? भाऊंचा मेहुणा अजूनही दारात येऊन 'तानू' अशी हाक मारतो, आणि घरात तर बायको सुंदरबाई म्हणून राहते. म्हणून रजिस्टरात भाऊ दोन्ही नावं लिहायचे. पण आता रजिस्टर कोण विचारतंय? ते बशीतला चहा फुंकत राहिले.

चौथ्या टुंगला डॉक्टर बाहेर आले. "निंबाभाऊ, बघा हो जरा!"

ती हाक! नवरदेवाच्या मामाला मांडवात बोलवावं तसे भाऊ ऐटीत उठले. "पोरी, माहेरचं नाव काय?"

सासूकडे बघत बाळंतीण हळूच म्हणाली, "मंजुळा झुलाल."

कुरकुरत बिल बाहेर आलं.

"भाऊ, मला हे सुचलंच नसतं," सुनंदा म्हणाली. त्या दिवशी भाऊ घरी दोन भाकरी जास्तीच्या जेवले.

पंधरा दिवसांनी जळगावहून प्रोग्राम लिहिणारा माणूस येऊन गेला. पुढं अशीच एक बाळंतीण घरी निघाली आणि टुंग वाजलं, तसे भाऊ चपला शोधत उठलेसुद्धा. पण सुनंदानंच विचारलं, "ताई, माहेरचं नाव?"

स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं होतं : नोंद नाही. माहेरचं नाव विचारा.

"तुमचंच वाक्य घालायला लावलं, भाऊ," ती हौसेनं म्हणाली.

भाऊ उभेच राहिले. आता जळावं तरी कुणावर, पोरीवर की डबड्यावर?

"मग खाली माझं नावही घालायचं होतं," ते म्हणाले, आणि पंख्याचं तोंड आपल्या स्टुलाकडे वळवून बसले.