पकडीचं म्यान

कुंडलच्या नाथाजींनी फौजेतल्या बावीस वर्षांत बंदूक कमी आणि चामडं टोचायची आरी जास्त चालवली. डोंगरातल्या ठाण्यांवर रसद नेणाऱ्या खेचरांची खोगिरं शिवणं हे त्यांचं काम. पेन्शनीवर गावी आले तेव्हा भावकीला वाटलं, आता हा ऊस बघेल. ऊस त्यांनी बघितलाच. पण दुपारचं जेवण झालं की सोप्यात पोतं अंथरून चामडं घेऊन बसायचे. द्राक्षछाटणीच्या कात्र्यांना म्यानं शिवायचे, कुणाच्या चष्म्याला घर.

भावकीतले लालासाहेब एकदा म्हणालेच, "शेतकऱ्याच्या सोप्यात चामडं बरं दिसत न्हाई, नाथा."

"ह्याच चामड्यानं पोरं शिकली माझी. दिसू दे की!"

बायकोचा, मनुबाईंचा, मात्र एक कायदा होता. चामड्याला लागलेला हात धुतल्याशिवाय चुलीपाशी यायचं नाही. त्यांनी स्वतः त्या सामानाला कधी बोट लावलं नव्हतं.

सोनम विजेच्या खांबांवर चढायची. बाई असली तरी गाव तिला वायरमनच म्हणायचं. एक दिवस ती फाटकी पिशवी घेऊन आली. "आबा, पक्कड राहत न्हाई हिच्यात. कमरंला लावायला एक म्यान शिवून द्या."

नाथाजींनी जीव ओतून ते शिवलं. मेण लावलेला दोरा, त्याच्या दोन्ही टोकांना सुया, बारीक बारीक टाके. सोनम खूश होऊन गेली.

पंधरा दिवसांनी ती परत आली आणि तिनं म्यान पोत्यावर ठेवलं. नाथाजींनी खोदून विचारलं तेव्हा बोलली. खांबावर असताना म्यान कमरेच्या पट्ट्यापासून सुटलं आणि आतल्या पकडीसकट खाली आलं. खाली उभ्या असलेल्या तिच्या मदतनीस यशराजच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर पडलं.

"लागलं का त्याला?"

"न्हाई, आबा. वाचला."

नाथाजींनी म्यान उजेडात धरलं. दोरा शाबूत होता. चामडंच फाटलं होतं, भोकांच्या रेघेवरून, टपालाचं तिकीट फाटावं तसं. टाके देखणे दिसावेत म्हणून त्यांनी भोकं फार जवळ पाडली होती. शिवाय वय सत्तरीचं. दोन ठिकाणी भोकात भोक पडलेलं त्यांना दिसलंच नव्हतं.

सोनम गेल्यावर त्यांनी आरी आणि चामडं कापायची रापी फडक्यात गुंडाळली. दोन दिवस सोप्यात बसले नाहीत, जेवले नावाला. तिसऱ्या दिवशी मनुबाई म्हणाल्या, "आवं, खेचराचं खोगीर कवा तुटलंच न्हाई व्हय?"

"तुटलं की."

"मग काय केलंसा?"

"दुसरं शिवलं. पर तवा डोळं हुतं, मनू."

मनुबाईंनी हात पुसले, फडकं सोडलं आणि पोत्यावर मांडी घातली. "खुणा मी करती. किती अंतर, सांगा."

नाथाजी बघतच राहिले. मग गव्हाचा एक दाणा त्यांनी चामड्यावर ठेवला. "दोन भोकांत एवढं."

नवं म्यान शिवायला चार दुपारी लागल्या. पट्टा अडकवायच्या जागी आतून चामड्याचा दुसरा थर दिला आणि तो पाठीवरून थेट तळापर्यंत नेला, म्हणजे सगळा भार एका शिवणीवर यायचा नाही. कोपऱ्यांना तांब्याचे रिवेट ठोकले. तोंडावर बटणाची पट्टी लावली. मनुबाई खुणा करायच्या, नाथाजी भोकं पाडायचे. आरी तिरकी गेली की मनुबाई त्यांचं मनगट धरायच्या. "सरळ घ्या. घाई कुठं हाय?"

मग म्यान खुंटीला टांगून त्यात दहा किलोचं माप अडकवलं. दोन दिवस येता-जाता दोघंही त्याच्याकडे बघायची. एक टाका हलला नाही.

सोनम पहिल्यांदा ते लावून खांबावर चढली तेव्हा नाथाजी मळ्याच्या बांधावर उभे होते. वर बघायचा धीर होईना. ते जमिनीकडेच बघत राहिले. वरून हाक आली, "आबा! घट्ट हाय, लय घट्ट!"

ती खाली उतरल्यावर यशराज पुढं आला. "आबा, मलाबी एक पायजे."

नाथाजी घुटमळले. मागून न्याहारीचं फडकं घेऊन आलेल्या मनुबाईंनीच उत्तर दिलं, "तुजी पक्कड आणून दे आदी. मापाबिगर आमी खुणा करत न्हाई."