पंचांची सोडचिठ्ठी आणि कंडक्टरचा अर्ज

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकात सोयगावची गाडी फलाटाला लागली आहे. गळ्यात तिकिटाचं मशीन अडकवून वच्छलाबाई जंजाळ मागच्या सीटपासून पुढे येत आहेत.

"पाय आत घ्या मामा. रस्ता तुमच्या सातबाऱ्यावर नाय."

मामा पाय आत घेतात. वच्छलाबाईंना सहसा दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

दिवाळीनंतर याच गाडीत सिल्लोडला बन्सी चढला. बन्सी त्यांचा नवरा, फर्दापूरला पर्यटकांची जीप चालवतो. बारा वर्षांपूर्वी त्याने दुसरी बाई घरात आणली आणि वच्छलाबाईंना माहेरी, सोयगावला घालवून दिलं. पंच बसले, सोडचिठ्ठी झाली, पंचांनी खाली सह्या केल्या. विषय संपला असं गावाने धरलं, वच्छलाबाईंनीही धरलं. पुढे त्या परीक्षा देऊन एसटीत लागल्या.

"बायांना अर्धं तिकीट," बन्सी भरल्या गाडीत म्हणाला, "मंग कंडक्टरच्या नवऱ्याला तर फुकटच पाहिजे."

दोन-चार जण हसले.

"पुरुषाला पूर्ण लागतं. कुठं उतरायचं?"

त्याने पैसे दिले. पण उतरताना दारातून म्हणाला, "सोडचिठ्ठीला कोर्टात कोण इचारतं? बायको तू माझीच हाईस."

सुट्टीच्या दिवशी वच्छलाबाई वकिलाकडे गेल्या. ॲडव्होकेट नजमुन्निसा यांचं ऑफिस कोर्टाजवळ आहे. सोडचिठ्ठी वाचून त्या म्हणाल्या, "तो बोलला ते फारसं खोटं नाही. तुमच्या समाजात ही रूढी जुनी आहे, हे सिद्ध केलं तरच कोर्ट असा कागद मानतं. त्यात वर्षं जातील. त्यापेक्षा घटस्फोटाचा सरळ अर्ज करा. दोघांच्या संमतीने केला तर लवकर होईल."

"त्याची संमती मागितली तर तो जन्मभर माझ्या गाडीत फुकट बसंल. अर्ज माझ्या एकटीचा करा."

"मग साक्षीदार लागेल. त्याने दुसरी आणली, तुम्हाला काढलं, हे डोळ्यांनी पाहिलेला. आणि लग्न झाल्याचा पुरावा. फोटो आहे?"

"आहे. त्यात तो लई गरीब दिसतो."

"चालेल," वकीलबाई म्हणाल्या.

फोटो मिळाला. साक्षीदार मिळेना. बन्सीचे शेजारी त्याच्याच जीपने बाजाराला जातात. उरले काकासाहेब, वच्छलाबाईंचे चुलते आणि त्या बैठकीचे मुख्य पंच. बैठकीआधी ते स्वतः बन्सीच्या घरी जाऊन दुसरीच्या हातचा चहा पिऊन आले होते. ते आले नाहीत तर अर्जाला आधार नव्हता. आणि कोर्टाचं नाव ऐकताच ते बिथरले.

"आमी पाच जण पारावर बसलो ते काय पत्ते कुटायला?"

"पत्ते नाय, काका. तुमच्या सहीला गाव मानतं. जज मानत नाय."

"मंग जजाकडंच जा."

"तिकडंच चालले. तुमी नाय आले तर बन्सी जाईल तिथं सांगंल, काकासाहेबाची सही म्हंजी रद्दी. आले तर जे पाह्यलं तेवढंच सांगा."

काकासाहेबांनी सुपारी कातरली. कातरून झाली तरी अडकित्ता खाली ठेवला नाही.

"त्या वकीलबाईला मराठी येतं का?"

"तुमच्यापेक्षा चांगलं येतं."

"अन् कोर्टात टोपी चालती?"

"चालती."

"मंग फोन कर, तारीख लागली की."

अर्ज तयार आहे. साक्षीदारांच्या यादीत काकासाहेबांचं नाव पहिलं आहे. घटस्फोट मिळायला किती दिवस लागतील, हे वच्छलाबाईंनी वकिलांना विचारलेलं नाही. गाडी सुटली की पोचतेच, असं त्या म्हणतात.

उद्याची ड्युटी त्यांनी बदलून घेतली आहे. कुटुंब न्यायालयाचं कामकाज साडेदहाला सुरू होतं. अर्ज दाखल करून दुपारी अडीचच्या कन्नड गाडीवर त्यांना हजर व्हायचं आहे.