मनामाच्या बर्फावर आमची टीम

मी कर्लिंगच्या टीमची कॅप्टन होते असं सांगितलं, की वसईतली माणसं आधी विचारतात, हा कसला खेळ? मी सांगते, बर्फावरचा. मग विचारतात, कुठे खेळायचीस? मी सांगते, बहारीनला. तिथे बोलणं संपतं. बाई वयोमानाने थापा मारायला लागली, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतं. पूर्वी मला याचा राग यायचा. अजूनही येतो, पण आता मी त्यांना खाली बसवते आणि सगळं पहिल्यापासून ऐकवते. चहा थंड झाला तरी सोडत नाही.

सत्तरच्या दशकात मी नर्स म्हणून बहारीनला गेले. मागोमाग आमचे हे आले आणि एका हॉटेलात स्टोअरकीपर म्हणून लागले. तिथल्या राजधानीत, मनामात, आमचा छोटा फ्लॅट होता. खाली कापडाचं दुकान होतं आणि तिथे रत्नागिरीकडचे एक भाई सेल्समन होते. पन्नाशीचे, पांढरी दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की चेहऱ्यावर अशी दुखावलेली कळा, की समोरच्याने लाजून दोन वार कापड जास्तीच घ्यावं.

ऐंशीच्या सुमाराला शहरात बर्फाचा हॉल सुरू झाला. बाहेर उन्हाने डांबर मऊ झालेलं असायचं आणि आत पोरं स्वेटर घालून स्केटिंग करायची. आमच्या बिल्डिंगमधले सगळे एकदा तरी नुसता गारवा खायला तिथे जाऊन आले होते. भाईंनी तर पहिल्या दिवशी बर्फाला हात लावला आणि कितीतरी वेळ एकटेच हसत उभे राहिले.

त्याच दिवसांत माझ्या वॉर्डात एक स्कॉटिश इंजिनिअर घोटा मोडून आला. याच बर्फावर पडला होता. रिफा गावात राहणारे त्याच्यासारखे इंजिनिअर शुक्रवारी हॉल भाड्याने घेऊन कर्लिंग खेळायचे आणि हा त्यांचा सेक्रेटरी होता. पडल्यापडल्या तो दिवसभर माझा आवाज ऐकायचा. मी वॉर्डाच्या एका टोकाला उभी राहून दुसऱ्या टोकाच्या आयाला हाक मारायचे तेव्हा मधले पेशंट उशीत डोकं खुपसायचे. डिस्चार्जच्या दिवशी तो म्हणाला, "सिस्टर, आमच्या तीन टीम आहेत, चौथी मिळत नाही. तुम्ही चारजण जमवा. कॅप्टन तुम्हीच व्हा, हा आवाज वाया घालवू नका." मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती.

खेळ सोपा आहे. बर्फाच्या लांब पट्टीच्या टोकाला वर्तुळं काढलेली असतात. वर मूठ असलेला जड गोल दगड बर्फावरून सरपटत सोडायचा आणि तो वर्तुळाच्या मध्याशी जाऊन थांबवायचा. ज्याचा दगड मध्याच्या सर्वांत जवळ, त्याचा गुण. आता गंमत अशी, की दगड चालत असताना आपल्यातले दोघं त्याच्यापुढे ब्रशने जोरजोरात बर्फ घासत पळतात. घासलं की दगड लांब जातो, सरळ जातो. कधी घासायचं आणि कधी थांबायचं हे कॅप्टनने ओरडून सांगायचं. म्हणजे झाडायचं दुसऱ्याने आणि ओरडायचं मी. माझ्यासाठी याहून चांगला खेळ देवाने केला नसता.

टीम घरातल्या घरात जमली. एक आमचे हे, एक भाई, आणि माझ्या हाताखालची आमच्याच वसईची एक नर्स. पोरगी अंगाने काटकुळी, पण ब्रश हातात आला की वाऱ्यासारखी. आमच्या ह्यांना तेवढा ब्रश खटकायचा. सुट्टीवर घरी गेलो तेव्हा धाकट्या दिराने, "दादा, बहारीनला जाऊन झाडूवाला झालास काय?" म्हणून विचारलं होतं. परत आल्यावर हे पुढचे दोन शुक्रवार तोंड फुगवून झाडत होते. मी म्हटलं, "अहो, घरी कधी झाडू हातात धरलात? मग इथे तरी धरा."

शुक्रवार म्हणजे तिथला रविवार, सुट्टीचा वार. चर्चमधला आमचा मिसा शुक्रवारी, भाईंची जुम्म्याची नमाज शुक्रवारी. मी, आमचे हे आणि ती पोरगी चर्चमधून, भाई मशिदीतून, असे आम्ही थेट बर्फावर यायचो. सरावासाठी आमच्या वाट्याला दुपारची पहिली वेळ असायची, म्हणजे स्केटिंगची पोरं बर्फ खरवडून नुकतीच गेलेली. चांगली, नीट केलेली पट्टी इंजिनिअर लोकांना संध्याकाळी मिळायची. मी एकदोनदा विचारलं तर उत्तर मिळालं, की तुम्ही नवीन आहात. पहिल्या वर्षी आम्ही सगळे सामने हरलो. हरलो म्हणजे अगदी धुतले गेलो. दुसऱ्या वर्षी एकदोन जिंकलो आणि मग समोरचे लोक आमच्याशी खेळताना आपसात हसेनासे झाले. मी मराठीत ओरडायचे, मधेच तिथलं 'यल्ला' म्हणजे 'चला', त्याचाही फायदा झाला. "मार, मार, मार! सोड! यल्ला, परत मार!" असं चाललं, की समोरच्यांना मी काय करतेय याचा पत्ता लागायचा नाही.

एका गोष्टीपुढे मात्र मी हात टेकले होते. भाई आणि ती पोरगी दगडापुढे शेजारी शेजारी घासत पळायचे. पळताना हिचा पाय त्यांच्या पायाला लागायचा. तसा तो लागणारच. पण पाय लागला, की ही भर खेळात ब्रश थांबवून वाकायची, भाईंच्या पायाला हात लावून कपाळाला लावायची आणि "सॉरी चाचा" म्हणायची. तेवढ्यात दगड पुढे निघून गेलेला असायचा. आपल्याकडे वडीलधाऱ्याला पाय लागला की हात आपोआप खाली जातो, मला का ते कळत नाही? चर्चमध्ये बाकावर शेजारणीला पाय लागला तरी माझाही जातो. पण बर्फावर? मी ओरडले, समजावलं, एकदा ब्रश फेकून मारायची धमकीही दिली. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "सिस्टर, मी मुद्दाम नाही हो करत. हात जातोच."

तोड भाईंनीच काढली. एका शुक्रवारी सामन्याआधी त्यांनी तिला समोर उभं केलं आणि म्हणाले, "अगो, आजच्या दिवसाचा सगला आत्ताच उरकून घे." तिने वाकून त्यांच्या पायाला हात लावला. भाईंनी डोक्यावर हात ठेवला आणि जाहीर केलं, "आज जेवढे पाय लागतील, तेवढे माफ. आता बघू नको, खेल." आणि काय सांगू, चाललं! त्या दिवशी पोरीचा ब्रश एकदाही थांबला नाही. मग प्रत्येक सामन्याआधी हा कार्यक्रम ठरून गेला. इंजिनिअर लोकांना वाटायचं ही आमची काही प्रार्थना आहे. ते बिचारे तेवढा वेळ टोप्या काढून उभे राहायचे. मी त्यांना कधी खरं सांगितलं नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो आणि तेव्हाच इंजिनिअर लोकांच्या कमिटीचा निरोप आला. एका बँकेतल्या साहेबांनी नवीन टीम केली होती आणि हॉल चारपेक्षा जास्त टीमना वेळ देत नव्हता. कमिटीने ठरवलं, की सिस्टरची टीम कप जिंकली तर राहील, नाहीतर तिच्या जागी बँक येईल. माझं डोकं फिरलं. मी सेक्रेटरीला तिथल्या तिथे विचारलं, "ही अट बाकीच्या तिघांना का नाही?" तो खाली मान घालून म्हणाला, की मी भांडलो, पण माझं एकच मत होतं. माणूस वाईट नव्हता. पण नुसतं वाईट नसून काय उपयोग?

घरी येऊन मी म्हटलं, आपणच सोडू, यांच्या अटीवर कोण खेळणार. आमचे हे चक्क नाही म्हणाले. ज्या माणसाला ब्रशची लाज वाटायची तो म्हणाला, "अगं, हरून निघू, पण सोडून नाही निघायचं." भाई जिन्यात उभे होते. नेहमीसारखी थट्टा न करता ते म्हणाले, "सिस्टर, दिवसभर मानसं मला एकच सांगतात, भाव कमी कर. त्या बर्फावर कोन नाय सांगत. ती जागा माजी जाऊ देऊ नका." सोडायची गोष्ट मी परत काढली नाही. त्या आठवड्यात मी वॉर्डात इंजेक्शन देतानाही मनातल्या मनात दगड सोडत होते.

फायनलच्या शुक्रवारी सगळंच उशिरा झालं. वॉर्डात एक पेशंट अचानक बिघडला म्हणून मी आणि ती पोरगी शेवटच्या क्षणी पोचलो, कपडेही टॅक्सीत आवरले. समोर तीच टीम होती जी दरवर्षी कप न्यायची. खेळ सुरू झाला आणि अर्धा होईपर्यंत माझ्या लक्षातच आलं नाही, की आज माफीचा कार्यक्रम राहिला. पोरीच्या लक्षात आलं होतं. ती भाईंपासून वीतभर लांब पळत होती आणि त्यामुळे घासणं तिरपं पडत होतं. मधेच थांबून कार्यक्रम करायला वेळ नव्हता. तरी आम्ही रेटून नेलं. शेवटच्या डावाला आलो तेव्हा गुण सारखे होते.

त्यांचा एक दगड मध्यापासून हातभर अंतरावर बसला होता. शेवटचा दगड आमचा होता आणि तो कॅप्टनने सोडायचा. पलीकडच्या टोकाला आमचे हे मला नेम दाखवायला वर्तुळात ब्रश टेकवून उभे राहिले. मी दगडाची मूठ धरली. मनात देवाचं नाव घेतलं की सेक्रेटरीच्या कमिटीला शिवी दिली, ते आता आठवत नाही. बहुतेक दोन्ही.

दगड सोडला आणि सोडताक्षणी कळलं, की जोर कमी पडला. हा अर्ध्यात मरणार. मी किंचाळले, "मारा! दोघं मारा! थांबू नका!" दोघं घासत सुटले. मला मागून त्यांच्या पाठी दिसत होत्या. आता लांब पळायला जागा नव्हती, दगडापुढे दोघांनाही खेटूनच घासायला हवं होतं. आणि अर्ध्या वाटेवर जे व्हायचं तेच झालं. पोरीचा पाय भाईंच्या घोट्यावर सणसणीत बसला. तिचा ब्रश अडखळला, एक हात सुटून खाली निघालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. माझ्या तोंडून आवाजच फुटेना. सगळ्या वॉर्डाला उठवणारा माझा आवाज, आणि तेव्हा नेमका घशात अडकला.

भाई ओरडले. मान न वळवता, घासता घासता, छाती फुटेस्तोवर ओरडले, "माफ! माफ! सगला माफ! मार गो!" तिचा हात तसाच वर आला आणि ब्रशवर पडला. तसं घासताना मी कोणाला कधी पाहिलं नाही. भाईंची टोपी उडाली. त्यांना धाप लागली तरी ते थांबले नाहीत. दगड हळूहळू, आता थांबेल मग थांबेल असा करत वर्तुळात शिरला. आमचे हे स्वतः वाकून शेवटचं घासायला लागले, आणि ज्या माणसाचा आवाज मला घरात ऐकू येत नाही तो हॉल दणाणून सोडत होता.

दगड थांबला. डोळ्यांना काही कळेना, दोन्ही सारखेच वाटत होते. सेक्रेटरी मोजायची पट्टी घेऊन आला. त्याने गुडघे टेकून एकदा मोजलं, परत मोजलं. मग त्याने आमच्या दगडावर हात ठेवला.

मला रडू आलं. लाज कसली, मोठ्याने रडले. पोरीने भाईंना मिठी मारली आणि भाई, जे आयुष्यात परक्या मुलीशी हातभर अंतर ठेवून बोलले, ते तिच्या डोक्यावर थोपटत बसले. समोरची टीम ओळीने येऊन हात मिळवून गेली, आणि त्यांच्या कॅप्टनने भाईंची टोपी बर्फावरून उचलून, झटकून दोन्ही हातांनी त्यांना दिली. पहिल्या वर्षी आम्हाला हसणाऱ्या त्या माणसाचा मला तेव्हापासून राग नाही. आम्ही चौघं कप घेऊन उभे राहिलो तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात सगळ्यांची तोंडं रडून सुजलेली आहेत आणि तरी माझ्या लग्नाच्या फोटोपेक्षा मी त्यातच चांगली दिसते.

पुढे आम्ही कितीतरी शुक्रवार खेळलो, आणखीही कप आणले. पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. आम्ही निघालो होतो तेव्हा सेक्रेटरी दारापर्यंत धावत आला. हातात पुढच्या सीझनचं वेळापत्रक होतं, अजून कोरंच. त्याने पेन उघडलं आणि विचारलं, "सिस्टर, तुमच्या टीमला कुठली वेळ लिहू? आधी तुम्ही सांगा, मग बाकीच्यांना विचारतो."

मी भाईंकडे पाहिलं. ते दाराशी उभे राहून आत, बर्फाकडे बघत होते.

"संध्याकाळची लिहा," मी म्हटलं. "आणि बाकीच्यांना सांगा, की ती गेली."