ओलीस ठेवलेली शेड

त्या पिक्चरचं नाव मी घेणार नाही. फुकटची जाहिरात करायला मी काय त्यांची मावशी लागते? गोष्ट एवढीच, की एका उद्योगपतीच्या मुलीला पळवून नेतात, शेतातल्या एका पडक्या शेडमध्ये ओलीस ठेवतात आणि एक पोलीस अधिकारी फोनवर बोलून बोलून तिला सोडवतो. ती पडकी शेड आमची. हायवेवरच्या चौक गावाहून आत गेलं की आमचं गाव, गावाच्या टोकाला शेत आणि बांधाला लागून ही शेड. आणि पडकी नव्हती हो! कारवीच्या काठ्यांचा कूड, वर मंगलोरी कौलं, आत पेंढा. एका बाजूचं शेणामातीचं लिंपण तेवढं गळून पडलं होतं आणि काठ्यांच्या फटींतून आत उन्हाच्या पट्ट्या पडायच्या. त्या पट्ट्यांवर त्यांचा दिग्दर्शक भाळला. आम्हीही हुरळलो, खोटं कशाला सांगू.

घरात आम्ही दोघीच, मी आणि आई. माझं चौकात शिवणकामाचं दुकान आहे. आईचं काम म्हणजे बोलणं. कुणाची सून रुसून माहेरी गेली, दोन भावांत बांधावरून जुंपली, की आईला बोलावणं यायचं. कशेळ्याच्या पलीकडच्या गावांतून सुना परत आणल्यात तिनं. तिची रीत ठरलेली होती. भांडण मिटेपर्यंत त्या घरचं पाणी प्यायचं नाही. भर उन्हात जाऊन ओटीवर बसायची, समोर पाण्याचा तांब्या, पण हात लावायची नाही. समोरच्यांना कळायचं, बाई काही आज उठत नाही. मग एकदाचं जमलं की तांब्या उचलायची, आणि घरातल्या बायकांचा जीव भांड्यात पडायचा.

अशा बाईला शूटिंग बघायला मिळालं म्हटल्यावर काय विचारता! भातकापणी उरकली होती. ती रोज प्लास्टिकची खुर्ची घेऊन बांधावर जाऊन बसायची. एकदा हिरो फोनवर गुंडाला अगदी घोगऱ्या आवाजात विचारत होता, तुझी मागणी काय आहे. आई मोठ्यांदा म्हणाली, "अरं, मागणी काय इचारतोस लगेच? आधी त्याला बोंबलू दे की पोटभर!" टेक वाया गेला. सगळे हसले. वॉकीटॉकी घेतलेला एक तिशीचा मुलगा धावत आला आणि हात जोडून म्हणाला, "आजी, प्लीज, सायलेन्स."

ज्याच्यासाठी ही गोष्ट सांगतेय, हाच तो. माणसं थांबवणं, रस्ता अडवणं, गर्दी गप्प करणं ही त्याची नोकरी. सकाळ-संध्याकाळ आमच्याकडे चहा प्यायचा, मोबाइल आमच्या घरात चार्जिंगला लावायचा. "आजी, तुमच्या चहाला तोड नाही," म्हणायचा. आई मला सांगायची, "गुणाचा हाय गं पोरगा." माझ्याही मनात त्याच्याबद्दल वाकडं काही नव्हतं. आज ते आठवलं तरी मला माझाच राग येतो.

मग ती सकाळ आली. आई भाकऱ्या थापत होती. मी दुकानाला निघायच्या घाईत होते. धप्प आवाज झाला म्हणून वळून बघितलं तर पिठाची परात उपडी, आईचं तोंड एका बाजूला ओढलेलं आणि उजवा हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा लोंबत होता. मी ओरडले. शेजारचा जीपवाला धावत आला, आम्ही तिला उचलून मागच्या सीटवर घातलं, डोकं माझ्या मांडीवर. पनवेलला जायचं होतं. गावातून हायवेला जायला एकच रस्ता, आणि त्या रस्त्यावर पूल.

पुलाच्या अलीकडे दोर बांधलेला. पलीकडे त्यांच्या गाड्या, छत्र्या, कॅमेरे. त्या दिवशी पुलावर ओलीस मुलीची सुटका चालली होती. मी खिडकीतून डोकं काढून हाक मारली, "दादा, सोड रे! आई हाय आत. आजी हाय!" तो धावत आला. ओठांवर बोट, दुसरा हात आडवा. "ताई, दोनच मिनिटं. टेक चालू आहे." जीपवाल्यानं हॉर्न दिला तसा तो अंगावर आल्यासारखा आला. "हॉर्न नको! साउंड आहे!" त्यानं आत डोकावूनसुद्धा बघितलं नाही.

पलीकडून कुणीतरी ओरडलं, "वन मोअर." मी खाली उतरून दोर ओढायला गेले तर दोन आडदांड बाउन्सर पुढे उभे राहिले. हात नाही लावला मला, नुसते भिंतीसारखे उभे. त्यांच्या खांद्यांमधून मला पूल दिसत होता. ती नटी रडत रडत चालत यायची, हिरो तिला मिठी मारायचा, मग ती हसत हसत परत जायची आणि पुन्हा रडत यायची. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. जीपमध्ये आईचा एक डोळा माझ्याकडे लागला होता. ती काहीतरी बोलायला बघत होती आणि तोंडातून नुसती लाळ येत होती. मी पदरानं पुसत होते आणि त्या पोराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. शेवटी दोर खाली झाला. जाताना त्यानं आम्हाला अंगठा दाखवला, सगळं ओके म्हणून.

पनवेलच्या डॉक्टरांनी तपासलं आणि एवढंच म्हणाले, "जरा आधी आणायला हवं होतं." आणि पुढच्या पेशंटकडे गेले. त्यांचा काही दोष नाही. पण ते वाक्य मी घरी घेऊन आले, ते अजून घरातच आहे.

आई वाचली. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोलणं! दुसरं काहीही गेलं असतं तर मी देवाचे आभार मानले असते. सगळं बघायची, ऐकायची, पण तोंडातून नुसतं "अं, अं." सुरुवातीला भांडणं घेऊन लोक यायचे, दारातून तिला बघायचे आणि चपला न काढताच मागे फिरायचे. एक सून तर आमच्या ओटीवर बसून रडली. ती आईनंच परत आणलेली होती.

शूटिंगवाले तोवर गाशा गुंडाळून गेले होते. शेडमधलं थोडं काम बाकी होतं, ते उन्हाळ्यात करणार होते. लोक म्हणाले तक्रार कर. कुणाची करू आणि काय लिहून देऊ? दोन मिनिटं थांबवलं म्हणून? मला तक्रार नको होती. मला त्याचं तोंड बघायचं होतं. मशीनवर बसले की एकेका शिवणीला त्याला एकेक शिवी घालायचे. त्या दिवसांत माझ्या हातून ब्लाउजच्या बाह्या वाकड्या जायला लागल्या. गिऱ्हाइकं कुरकुरली, मी त्यांच्यावरही डाफरले.

उन्हाळा लागला आणि त्याचा फोन आला. आवाजात तोच गोडवा. "ताई, कशा आहात? ते शेडचं काम पूर्ण करायचंय." मी म्हटलं, दुसरी शेड बघा. तो हसला. "नाही हो ताई, तीच लागणार. अर्धा सीन तिथे झालाय, त्या उन्हाच्या पट्ट्या जुळायला हव्यात. दुसरी चालणारच नाही." म्हणजे आता दोर माझ्या हातात होता. मी म्हटलं, "तू स्वतः ये. आईसमोर बस. मग बघू."

आला. मिठाईचा बॉक्स घेऊन आला. आईला बघून जरा चपापला, मग लगेच सावरला. "अरे, आजी! काय झालं हे? बरं व्हायचं हां लवकर." मी त्याला पाणी दिलं नाही. आमच्याकडे भांडायला आलेल्यालाही आधी पाण्याचा तांब्या देतात. दारात उभी असलेली शेजारीण माझ्याकडे बघून कुजबुजली, "पाणी नाय दिलंस?" मी मान हलवली. सगळ्या आळीला कळलं असतं मी काय केलं ते. त्याला? त्यानं बॅगेतून स्वतःची बाटली काढली, घटाघट प्यायला आणि तोंड पुसलं. माझा पहिला वार असा फुकट गेला.

मग त्यानं बोलणी सुरू केली. भाडं वाढवून देतो. पिक्चरमध्ये शेजारणीचा एक सीन आहे, तो तुम्हाला देतो. शेवटी पडद्यावर आजींचे आभार मानतो. मुंबईत ओळखीचा डॉक्टर आहे, नंबर देतो. मला मनातून हसू येत होतं. समोरच्याला तोडू नये, बोलत ठेवावं, लहान लहान गोष्टी देत जावं, हे सगळं त्यांच्या हिरोच्या तोंडून मीही सुटीच्या दिवशी आईशेजारी बांधावर बसून ऐकलेलं होतं. पोरगं पाठ केलेलं म्हणून दाखवत होतं.

मी म्हटलं, "ते सगळं ठेव बाजूला. मला काय नको. त्या दिवशी पुलावर तू काय केलंस, ते फक्त आईला सांग. तिच्या तोंडाकडे बघून सांग."

तो माझ्याकडे बघत राहिला. खरंच आठवत होता बिचारा. मग चेहरा उजळला. "हां हां, ती जीप! हो हो. पण ताई, मी तर तुम्हाला लगेच सोडलं." आणि आईकडे वळून, लहान मुलाला विचारावं तसं म्हणाला, "काय आजी? लगेच सोडलं की नाही?"

खोटं बोलत असता ना, तर मी त्याचं थोबाड फोडून मोकळी झाले असते. पण तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोक्यात तसंच होतं. इतके दिवस मी ज्याच्या नावानं जळत होते त्याच्या लेखी त्या दिवशी काही घडलंच नव्हतं. उलट त्यानं आमच्यावर उपकार केले होते.

मी आईजवळ बसले. म्हटलं, "आई, तूच सांग. देऊ काय याला शेड?"

आईनं त्याच्याकडे बघितलं, बराच वेळ. तिचा चांगला हात, डावा, मिठाईच्या बॉक्सवर होता. ओठ झटापट करत होते. आणि मग आला शब्द, स्वच्छ, पहिल्यासारखा.

"नाय."

शेजारीण "अगो बाई!" म्हणून आत आली. इतक्या महिन्यांत आईच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द. मला रडू फुटलं. पण रडत बसायला वेळ नव्हता. भिंतीवरचा कोयता काढला आणि शेताकडे चालू लागले. तो मागून, "ताई, ताई, बसून बोलू या ना. सर येतायत, निदान सरांशी बोला." मला वाटलं होतं अशा वेळी मी काहीतरी झणझणीत बोलेन, जन्मभर त्याच्या कानात राहील असं. कसलं काय! नुसता कोयता चालत होता. कुडाचे सुंभाचे बंध तटातट तुटले. शेजारीण आली, जीपवाला आला, कुणी काही विचारलं नाही. आम्ही तिघांनी मिळून कूड आडवा केला. वर कौलं तशीच, खाली चारही बाजूंनी उघडं, आणि आत सगळीकडे सारखं पांढरं ऊन. तो बांधावर डोक्याला हात लावून फोनवर कुणाला तरी सांगत होता, "सर, गेली. शेड गेली." त्याचा रडवेला आवाज ऐकून मला जे बरं वाटलं ना, ते मी लपवणार नाही. त्या पावसाळ्यात आमचा सगळा पेंढा भिजून कुजला. कुजू दे!

पिक्चर काही अडला नाही. कुठेतरी शेड उभी केली त्यांनी आणि काम भागवलं. जीपवाल्यानं मोबाइलवर दाखवला मला. अर्ध्या सीनमध्ये आमची शेड, अर्ध्यात दुसरीच, कुणाच्या लक्षातही येत नाही. पुलावरची सुटका पूर्ण आहे. नटी रडत येते, हिरो मिठी मारतो. मी तिच्या मागचा रस्ता डोळे फाडून बघितला. आमची जीप त्यात कुठेच नाही.

आई तो शब्द विसरली नाही. आता तेवढाच शब्द आहे तिच्याकडे. कर्जतहून एक मुलगी तिला बोलायचे व्यायाम शिकवायला येते. तिनं मला समजावलं, अशा पेशंटचा एखादा शब्द अडकून बसतो, मग मनात काहीही असलं तरी तोच बाहेर पडतो. "चहा देऊ?" "नाय." आणि डावा हात कपाकडे येतो. "पंखा लावू?" "नाय." आणि बोट बटणाकडे. मी आता तिचा शब्द ऐकत नाही, हात बघते.

शेजारीण एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मग त्या दिवशी आजीच्या मनात काय होता गं? तिनं आख्ख्या जन्मात जोडायचाच काम केला, कुणाचा मोडला नाय." मी तिला म्हटलं, "तू आपल्या घरी जा." चार दिवस बोलले नाही तिच्याशी.

पण डोक्यातून जाईना. काल दुपारी आईचे केस विंचरत होते. कंगवा ठेवला, तिच्या समोर जाऊन बसले आणि विचारलं, "आई, त्या पोराला तू माफ केलंस काय गं?"

"नाय," ती म्हणाली.

तिच्या हाताकडे मी बघितलं नाही.