डॉक्टरबाईंची गळकी डिझेल

गॅरेजातले किस्से कोणी जमवत नाही, ते साचतात. गाडी उघडून ठेवलेली असते, मिस्त्रीचे हात गुंतलेले असतात आणि बाकीच्यांना बोलण्यावाचून दुसरं काम नसतं. राजापेठेत रशीद मिस्त्रीच्या गॅरेजात मी कॉलेज सुटलं की जाऊन बसायचो. पदार्थविज्ञान शिकवायचो, डॉक्टरेटही होती; पण कुलूप नीट लागलं का, हे बघायला अर्ध्या वाटेतून घरी परतणारा मी माणूस! तेव्हा आठवतं तसं सांगतो. चुकलो असेन तर चुकलो असेन.

त्या काळी अमरावतीत डिझेलवर चालणारी मोटार म्हणजे अप्रूप. डॉक्टर सुमनबाईंनी तशी एक जुनी मोटार घेतली, नांदगाव पेठ आणि आसपासच्या खेड्यांतल्या बाळंतिणींकडे वेळेवर पोचता यावं म्हणून. "डिझेलचीच घ्या," असं त्यांना मी सांगितलं होतं. आयुष्यात ठामपणे दिलेला एकुलता एक सल्ला! महिनाभर गाडी छान पळाली आणि मग इंजिनातून ऑइल गळू लागलं.

*

एकदा तर नांदगाव पेठेच्या अलीकडेच ऑइल इतकं उतरलं की बाईंना गाडी सोडून बैलगाडीत बसावं लागलं. बरोबर त्यांचा कंपाउंडर पुंडलिक, हातात औषधाची पेटी.

परत आल्यावर मी घाबरत विचारलं, "पोचलात ना वेळेवर?"

"आमी पोचलो जी," पुंडलिक म्हणाला, "पण बाळ आमच्या आधी पोचलं होतं!"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. "या वेळी सगळं ठीक झालं," एवढंच म्हणाल्या. त्या रात्री मला झोप आली नाही.

*

रशीद मिस्त्रीनं दुरुस्ती सुरू केली. आधी वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. जाड पुठ्ठा झाकणाच्या कडेवर धरायचा आणि छोट्या हातोडीनं टकटक करत जायचं. कडेबरहुकूम पॅकिंग आपोआप कापलं जातं. बघत राहावं असं काम! वरचं गळणं थांबलं. दोन दिवसांनी खालून गळू लागलं. खालचं पॅकिंग बदललं, तर पुढून!

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, कपाळावर काळा पट्टा. म्हणाला, "प्रोफेसरसाब, एक का मुंह बंद करो तो दूसरा बोलने लगता है. ये इंजिन नहीं, हमारे मोहल्ले की पंचायत है!"

*

मग त्यानं शेवटचा उपाय काढला. रॉकेलनं इंजिन धुतलं, फडक्यानं कोरडं केलं. "अब इस पर सफेद पावडर मारो. जिधर से तेल आयेगा, उधर लकीर दिखेगी."

पावडर कुठून आणायची? पुंडलिक दवाखान्यातून लहान बाळांच्या पावडरचा डबा घेऊन आला आणि नवजात बाळाला लावावी तशी हलक्या हातानं इंजिनाला लावली. गाडी सुरू केली. सगळ्या सांध्यांतून काळ्या रेघा उतरल्या! राजापेठेच्या अर्ध्या रस्त्यावर पावडरचा घमघमाट.

तेवढ्यात कडेवर पोर घेतलेली एक बाई आत डोकावली. नाक वर करून तिनं वास घेतला आणि म्हणाली, "काहून जी, डॉक्टरीणबाई आता इथं बसून राहिल्या का?"

*

अकोल्याचे गुलाबशेठ जिनिंगवाले. त्यांच्याकडेही डिझेलचीच मोटार होती आणि त्यांना आणखी एक हवी होती. बाई विकणार असतील तर घ्यावी म्हणून ही गाडी बघायला ते मुद्दाम अमरावतीला आले. शेठ वाकून गाडीखाली बघत होते. त्यांचा ड्रायव्हर आणि पुंडलिक पलीकडे बॉनेटवर कोपर टेकून गप्पा मारत होते. दोघेही एकाच बाजूचे, पातूरकडचे.

शेठ उठून उभे राहिले. "डॉक्टरबाई, तुमी कोण्या गावाले गेल्या, हे कोणाले विचारावं नाही लागत. ठिपके पाहत पाहत गेलं का पेशंट बरोबर पोचते!"

"म्हणूनच तर पेशंट वाढलेत, शेठ!" बाई म्हणाल्या.

पण शेठ गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "सर, रविवारी मी अकोल्याला जाणार आहे. गाडी न गळता पोचली तर माझी. गळली तर शेठच्या दारात सोडून एस.टी.नं परत येईन. खेड्यांच्या फेऱ्या मग बंद. भरवसा नसलेली गाडी घेऊन बाळंतिणीकडे जायचं नाही."

मी "बरं" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? सल्ला माझा होता!

*

शुक्रवारी बाई आणि पुंडलिकही गॅरेजात होते. मिस्त्रीनं इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल केलं. ते उकळत्या वरणावरच्या झाकणासारखं थडथडू लागलं. फुस्स, फुस्स!

माझ्या मनात काहीतरी लखकन आलं. बोलावं की नाही? पाचेक मिनिटं मी चष्माच पुसत राहिलो. शेवटी म्हणालो, "मिस्त्री, मी चुकत असेन. पण एकाच ठिकाणी गळत असतं तर पॅकिंगचा दोष. हे सगळीकडून गळतंय. म्हणजे आत दाब कोंडतोय आणि तो तेलाला बाहेर ढकलतोय. आतली वाफ बाहेर जायची काही वाट असेल ना?"

मिस्त्रीचा हात थांबला. "है ना! पीछे नली है." त्यानं इंजिनामागे हात घातला, चाचपलं, ओढलं. हातात आला काजळीनं काळा झालेला एक बोळा. आत कापूस, वर गॉज आणि त्यावर दवाखान्यातली चिकटपट्टी, आडवी-उभी, अगदी व्यवस्थित!

सगळ्यांनी पुंडलिककडे पाहिलं.

"बाई, तुमीच त सांगता!" तो म्हणाला. "वाहती जखम उघडी ठेवू नये म्हणून! ती नळी थोडी थोडी वाहून राहिली होती, वरून हा काळ्या मातीचा फुफाटा. मी बांधली!"

बाईंनी पट्टी उलटून पाहिली. "पट्टी मात्र छान बांधलीस रे!"

मिस्त्रीनं सगळी पॅकिंगं पुन्हा आवळली. गाडी तासभर चालू ठेवली. खाली अंथरलेला कागद कोरा! मिस्त्रीनं मला मिठी मारली. माझा तो कोट पुढे धुऊनही स्वच्छ निघाला नाही आणि मीही तो टाकला नाही.

*

रविवारी बाई, मिस्त्री, पुंडलिक आणि मी असे चौघं निघालो. बडनेऱ्याला मी गाडी थांबवून खाली वाकून पाहिलं. मूर्तिजापूरला पुन्हा. बोरगावला थांबवायला सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, तुम्हीच गळाल आता!"

बाईंनी आपली अट गुलाबशेठना आधीच कळवली होती; ते वाटच पाहत होते. त्यांनी दारात गादीवरची पांढरीशुभ्र चादर अंथरली. "उभी करा हिच्यावर. पाहू देजा सगळ्याईले!"

गाडी चादरीवर उभी राहिली. आम्ही आत चहा घेतला, पोहे खाल्ले. मी बशी हातात घेऊन तीनदा खिडकीशी जाऊन आलो. मग सगळे बाहेर आले. मिस्त्रीनं गाडी मागे घेतली. चादरीवर चाकांची धूळ होती. तेलाचा एक ठिपका नव्हता!

"वा!" शेठ म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस. "डॉक्टरबाई, गाडी तुमचीच. जितल्या तुमी!"

तेवढ्यात शेठची स्वतःची मोटार बाजारातून आली आणि ड्रायव्हरनं ती नेमकी त्या चादरीवरच उभी केली. टप. मग पुढून टप. मागून टप टप.

"चार दिवसांपासून हे नवीनच सुरू झालं," शेठ कपाळाला हात लावून म्हणाले. "सगळीकडूनच गळून राहिली! काहून, काई समजत नाही."

पुंडलिकनं हळूच माझी बाही ओढली. माझ्या कानाशी येऊन तो म्हणाला, "सर, त्या दिवशी गॅरेजात शेठच्या ड्रायव्हरले एक पट्टी मी देल्ली होती."

मी ते डॉक्टरबाईंच्या कानात सांगितलं. त्यांनी एकवार चादरीकडे पाहिलं, एकवार शेठकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"शेठ," त्या म्हणाल्या, "पेशंट तपासायला घेते. पण फी म्हणून ही चादर लागेल!"