राईतला पाला

आमच्या देवराईतला पाला मी जाळला.

मलकापूरच्या पुढं डोंगरात आमचं गाव. राईतली वाळकी काडीही तिथं कुणी घरी नेत नाही. चुकून नेलीच, तर ती डोक्यावरून परत आणायची आणि देवासमोर मोठ्यानं चूक कबूल करायची, असा रिवाज. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरीही कोल्हापुरात नोकरीला लागल्यावर, एका जत्रेआधी, मी पोरं गोळा करून राईची सफाई केली. घोटाभर साचलेला पाला ओढून बांधावर पेटवला आणि अंजनीच्या बुंध्यापर्यंत फरशी घातली.

"देवाचं अंथरूण हाय ते," आई म्हणाली.

"आता तरी सुधार की गं," म्हणून मी हसलो.

मी लहान असताना याच अंजनीखाली चैत्रात ती मला घेऊन बसायची. फांद्यांना निळे झुबके लगडलेले, खाली निळा सडा. एकही फूल ती पदरात घ्यायची नाही. नुसती बघत राहायची, आणि मी तिच्याकडं.

नंतर ऊन बदललं. फाल्गुनातच वैशाखासारखं भाजू लागलं, राईतला झरा होळीआधी आटू लागला. पाऊस आला की एकदम कोसळायचा आणि उघडी पडलेली माती धुऊन न्यायचा. जुन्या अंजनी उभ्या होत्या, पण बहर विरळ होत गेला. खाली रोप म्हणून दिसेना.

गावातल्या चुलतभावानं मला एकदा वर सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठाराच्या कडेला नेलं. तिथं धुक्याच्या गारव्यात अंजनीची बोटभर रोपं होती.

"बघ दादा, तुझी अंजनी डोंगर चढाय लागलीया."

"आणि याच्या वर?"

"वर आभाळ. तिथं बी घालतोस काय फरशी?"

मला हसू आलं नाही.

गुडघे गेल्यापासून आई माझ्याकडं कोल्हापुरात असते. दर चैत्रात विचारते, "अंजनी फुलली न्हवं रं?" मी म्हणायचो, "फुलली की." यंदा ती म्हणाली, "औंदा मला न्हे. एकदा बघू दे, मग न्हाय मागणार काय."

मग सांगावंच लागलं. दोन चैत्र झाले, फूल नाही. आधी मी सगळं उन्हावर ढकललं.

"ऊन तुझ्या हातात न्हवतं," ती म्हणाली. "पाला हुता."

"चुकलो, आई."

"मला काय सांगतोस? जिथनं न्हेलास तिथं सांग."

रविवारी तिला गाडीतून नेलं. राईच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसवलं. भावानं आणि मी फरशी उखडली. आमच्या परड्यातल्या फणसाखालचा पाला पाटीत भरला, ती डोक्यावर घेतली. जाळलेला पाला काही परत येणार नव्हता. आई बिनफुलांच्या फांद्यांकडं बघत होती, पूर्वी बघायची तशीच.

पाटी बुंध्याशी ओतली, हातांनी पसरली. मग देवासमोर उभा राहिलो.

"तुझं अंथरूण मी जाळलं," मी मोठ्यानं म्हणालो. मग मान वळवून आईकडं बघितलं आणि उरलेलं तिला सांगितलं.

"आणि तुझा चैत्र मी घालवला. माफ कर."